दर पावलाला एक कडं

आधी एक हिशेब मांडू. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत डीएनएची साधारण १ कोटी २० लाख अक्षरं असतात. एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं चार मिलिमीटर. आंबेमोहोर तांदळाचा दाणाही याहून लांब भरेल.

आता ही पेशी एक कोटीपट मोठी करा. नॅनोमीटरचा सेंटिमीटर होतो, म्हणून हिशेबाला सोपं. दोन नॅनोमीटर जाडीचा डीएनए दोन सेंटिमीटर जाड होतो, म्हणजे मोटेच्या नाड्यासारखा अंगठ्याएवढा दोर. पेशी पन्नासेक मीटर रुंद, आणि तिच्या आतलं केंद्रक वीस मीटरचा गोल. त्या गोलात कोंबलेल्या दोराची लांबी किती? ४१ किलोमीटर.

हा आकडा पहिल्यांदा वहीत उतरला तेव्हा मी थबकलो, कारण हे अंतर माझ्या पायांना ठाऊक आहे. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. कोजागिरीला सोलापुरातून आणि पलीकडच्या कर्नाटकातून लाखो माणसं रात्रभर चालत आमच्या गावाला येतात. रस्ता माणसांनी भरून वाहतो. सोलापूरच्या तुळजापूर वेशीपासून हा दोर रस्त्यावर अंथरत निघालो, तर तामलवाडी मागे टाकून तो देवळाच्या चारेक किलोमीटर अलीकडे येऊन संपेल. (खरं तर दोर अखंड नाही, त्याचे लहानमोठे १६ तुकडे आहेत. यीस्टची गुणसूत्रं तेवढीच.)

पेशीचे दोन भाग होण्याआधी हा सगळा दोर वाचून त्याची दुसरी प्रत तयार करायची असते. दर तिसऱ्या-चौथ्या मिलिमीटरवर एक अक्षर, त्याच्यासमोर जोडीचं अक्षर बसवायचं, एकही गाळायचं नाही. खाणंपिणं मुबलक असेल तर यीस्टची पेशी दीडेक तासात दुप्पट होते. त्यातला डीएनए उतरवण्याचा वेळ जेमतेम अर्धा तास.

अर्ध्या तासात ४१ किलोमीटर. पेशीने त्यासाठी योजलेल्या युक्त्यांपैकी एक तर वारीचीच आहे. सगळे सोलापुरातून निघत नाहीत. दोरावर चारेकशे ठिकाणं अशी आहेत की जिथून नक्कल सुरू होऊ शकते, म्हणजे सरासरीने दर शंभर मीटरला एक. सगळी एकदम सुरू होत नाहीत, काही तर सुरूच होत नाहीत. पण जिथून सुरुवात होते तिथून दोन्ही दिशांना काम सरकत जातं आणि शेजारून येणाऱ्याला भेटलं की थांबतं. वेग मिनिटाला दीड-दोन हजार अक्षरं. आपल्या मापात मिनिटाला पाच ते सात मीटर, म्हणजे दमलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याहूनही हळू चाल. बरेच जण बऱ्याच ठिकाणांहून निघतात म्हणून अर्ध्या तासात भागतं.

अक्षरं जोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव डीएनए पॉलिमरेज. त्याची रचना पाहणाऱ्यांना ती उजव्या हातासारखी दिसली, म्हणून तिच्या भागांना तळवा, बोटं आणि अंगठा असंच म्हणतात. दोर तळव्यात, अंगठा एका बाजूने, बोटं दुसऱ्या बाजूने. काम नेमकं आणि चुका फार कमी. पण या हाताची पंचाईत आपल्या म्हणीतली आहे: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोर घट्ट धरला तर पुढे सरकता येत नाही. सैल धरला तर पाण्याच्या रेणूंच्या अखंड धक्क्यांत हात निसटतो. पेशीच्या आतली गर्दी आषाढीच्या चंद्रभागेपेक्षा वाईट असते. तिथे निसटलेला हात परत त्याच जागी येईलच असं नाही. जिवाणूंचं मुख्य पॉलिमरेज एकटं सोडलं की दहा-वीस अक्षरं लिहून गळून पडतं. यीस्टच्या एका पॉलिमरेजची, पॉलिमरेज डेल्टाचीही, एकट्याने फार वेगळी गत नाही.

मग शेकडो, हजारो अक्षरं एका दमात कशी लिहिली जातात? मला वाटत होतं की उत्तर त्या हातातच असणार, आणखी एखादं बोट, आणखी घट्ट पकड. निसर्गाने हाताला हात लावलेला नाही. त्याने दोरात एक कडं अडकवलं आणि हात त्या कड्याला टेकवून ठेवला.

या कड्याचं नाव पीसीएनए. नाव ऐकून काही बोध होत नाही, कारण ते ठेवणाऱ्यांना हे कडं आहे याचा पत्ता नव्हता. १९७८ मध्ये मियाची, फ्रिट्झलर आणि टॅन ल्युपस या आजाराच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. या आजारात शरीराचं संरक्षण दल घरच्याच माणसांवर उलटतं. काही रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं वागणं विलक्षण होतं. ती पेशीच्या केंद्रकातल्या कसल्याशा पदार्थाला चिकटत, पण फक्त वाढत असलेल्या पेशींत. निवांत बसलेल्या पेशींना ती ओळखही देत नसत. तेव्हा नाव पडलं, वाढत्या पेशींच्या केंद्रकातला प्रतिजन. पीसीएनए हे त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. दोन वर्षांनी ब्राव्हो आणि सेलिस यांना पेशींच्या वाढीबरोबर कमीजास्त होणारं एक प्रथिन सापडलं, त्याला त्यांनी सायक्लिन म्हटलं. १९८४ मध्ये लक्षात आलं की दोन्ही एकच. आणि १९८७ मध्ये कळलं की हेच प्रथिन पॉलिमरेज डेल्टाला लांब पल्ल्याचं लिहायला लावतं. एका माणसाची तीन गावांत तीन नावं असावीत आणि जत्रेत सगळे एकत्र आल्यावर उलगडा व्हावा, तसला हा प्रकार.

कडं असल्याचा पहिला भक्कम पुरावा मात्र जिवाणूच्या प्रथिनावर मिळाला, आणि ज्या प्रयोगाने मिळाला तो मला या सगळ्या कहाणीत सर्वात देखणा वाटतो. १९९१ मध्ये माइक ओडॉनेल आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय या जिवाणूच्या बीटा नावाच्या प्रथिनावर काम करत होते. डीएनएवर ते पक्कं बसतं, हे माहीत होतं. पण बसतं म्हणजे कसं? चिकटतं, की ओवलं जातं? त्यांनी डीएनएचा बंद वेढा घेतला, म्हणजे गाठ मारलेली माळ. बीटा त्यावर चढवलं, ते टिकून राहिलं. मग माळ एका जागी कापली. बीटा निघून गेलं. चिकटलेलं असतं तर कापल्याने काय फरक पडणार होता? माळ तुटली की मणी ओघळतात, कवड्या सांडतात. आमच्याकडे देवीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, तिचा दोरा तुटला की काय होतं हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आणखी एक खुंटी त्यांनी मारून पाहिली. कापलेल्या माळेच्या टोकांना दुसरं प्रथिन अडसरासारखं बसवलं, तर बीटा परत टिकून राहिलं. म्हणजे ते टोकावरूनच ओघळत होतं. एकाही सूक्ष्मदर्शकाने न पाहता, केवळ कात्री चालवून आकार ओळखला गेला.

पुढच्याच वर्षी त्याचं चित्र हाती आलं. स्फटिकावर क्ष-किरण टाकून रेणूचा आकार काढतात तसा जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने बीटाचा काढला. पदवीचं शिक्षण मद्रास विद्यापीठात सुरू करून पुढे अमेरिकेत गेलेले हे शास्त्रज्ञ. बीटा खरोखरच कडं निघालं, दोन अर्ध्या चकत्या टोकाला टोक जोडून झालेलं. आणि १९९४ मध्ये कृष्णा, काँग, गॅरी, बर्गर्स आणि कुरियन यांनी यीस्टच्या पीसीएनएचं चित्र छापलं. तेही कडंच, पण तीन चकत्यांचं.

इथे थोडं रेंगाळू द्या. जिवाणूचं बीटा आणि यीस्टचं पीसीएनए ही दोन प्रथिनं अमिनो आम्लांच्या क्रमाने पाहिली तर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. अक्षराला अक्षर लावून पाहिलं तर नातं सापडत नाही. बीटाची प्रत्येक चकती तीन सारख्या घड्यांची आहे आणि अशा चकत्या दोन. पीसीएनएची चकती दोन घड्यांची आणि अशा चकत्या तीन. बे त्रिक सहा, तीन दुणे सहा. चित्रं एकावर एक ठेवली तर दोन्ही कडी सहा पाकळ्यांची, जवळजवळ एकाच मापाची. अब्जावधी वर्षांत अक्षरं सगळी बदलून गेली आणि आकार तेवढा राहिला. त्याहून नवल म्हणजे जिवाणूंचं आणि आपलं लिहिणारं पॉलिमरेज वेगवेगळ्या घराण्यातलं आहे. हात बदलला, कडं तेच राहिलं.

आपल्या वाढीव मापात हे कडं बाहेरून आठ सेंटिमीटर आहे, हातात भरायच्या बांगडीपेक्षा किंचित मोठं. पण बांगडीसारखं पातळ नाही, चांगलं तीन सेंटिमीटर जाड. आतलं भोक साडेतीन सेंटिमीटर आणि त्यातून जाणारा दोर दोन सेंटिमीटर. म्हणजे चहूकडे पाऊण सेंटिमीटर मोकळं, आणि त्या फटीत पाणी भरलेलं. कडं दोराला घट्ट बसतच नाही! दोर भोकातून किंचित तिरपाही जातो. प्रत्येक चकतीत २५८ अमिनो आम्लं. कड्याच्या आतल्या बाजूला बारा मळसूत्री सळ्या लावलेल्या आहेत आणि त्यांच्यावर धन विद्युतभार आहे. डीएनएवर ऋण भार. बाहेरून मात्र कड्यावर एकंदरीत ऋण भारच, नाहीतर ते दिसेल त्या दोराला बाहेरूनच जाऊन चिकटलं असतं. त्या सळ्या दोराच्या पिळाला आडव्या पडतील अशा लावल्यात, समांतर असत्या तर पिळाच्या खाचेत रुतून बसल्या असत्या. पकडण्याऐवजी वेढून बसायचं, ही या कड्याची सगळी करामत आहे. म्हणून ते कुठलंही अक्षर न वाचता, कुठेही न अडकता दोरभर सरकतं, पण दोर सोडून जाऊ शकत नाही.

मग ते दोरात जातं कसं?

तुळजापुरात महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बांगड्यांची दुकानं आहेत. कासाराच्या हातचं कौशल्य मी लहानपणापासून बघत आलोय. तो गिऱ्हाइकाचा हात दाबत, चुरत, अंगठ्याचं मूळ आत वळवत बांगडी चढवतो. काच वाकत नाही, म्हणून हात वाकवायचा. पण त्याला हाताचं टोक तरी मिळतं. पेशीतल्या कासाराला ४१ किलोमीटरच्या दोरात मधेच कुठेतरी कडं चढवायचंय. टोकाकडून ओवत आणणं शक्य नाही. त्याला कडंच उघडावं लागतं, तोड्याचा पेच काढून तोडा उघडतात तसं.

या कासाराचं नाव आरएफसी. पाच प्रथिनं मिळून झालेला, अर्धवट उमललेल्या फुलासारखा. एटीपी हे पेशीचं रोकड इंधन त्याने धरलं की तो कड्याच्या एका तोंडावर बसतो आणि तीनपैकी एक सांधा उघडतो. हे उघडं कडं बराच काळ कुणी पाहिलेलं नव्हतं. अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २०२२ मध्ये यीस्टच्या आरएफसीची चित्रं टप्प्याटप्प्याने टिपली गेली, तेव्हा दिसलं की तो खेकड्याच्या नांगीसारखा फाकतो आणि त्याच्याबरोबर कडंही फाकतं, दोर आत शिरेल इतकं. दोर आत आला की एटीपी खर्ची पडतं, आरएफसीची पकड ढिली होते, सांधा मिटतो आणि कासार निघून जातो. मिटलेल्या कड्यावर जोड शोधून सापडणार नाही.

कुठेही चढवत नाही बरं का. जिथे नव्या अक्षरांची ओळ नुकतीच सुरू झालीय, ती जागा तो अचूक ओळखतो. आणि कड्याला सुलट-उलट आहे. पॉलिमरेज टेकवायचं तोंड नेहमी लिहायच्या दिशेला. उलटं कडं चढल्यास ते बिनकामाचं, पण आरएफसी कड्याच्या एकाच तोंडाला धरत असल्याने तो प्रश्न उद्भवत नाही.

हे सगळं एकदाच करायचं असतं तर मी एवढा खुळावलो नसतो. पण दोर दुपदरी आहे आणि त्याचे दोन पदर उलट्या दिशांनी वाचायचे असतात. पॉलिमरेजला लिहिता येतं एकाच दिशेने. त्यामुळे दोर उलगडत पुढे जाताना एका पदराची नक्कल सलग होते. दुसऱ्या पदरावर मात्र टीप घालावी लागते. हाताने टीप घालताना सुई पुढे काढतात आणि टाका मागे घालतात, तसं थोडं पुढे जायचं आणि मागे लिहीत यायचं, परत पुढे जायचं आणि परत मागे. जपानमध्ये नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवरा-बायकोने १९६०च्या दशकात हे तुटक टाके शोधून काढले. त्यांनाच आज ओकाझाकी तुकडे म्हणतात. रेजी मूळचे हिरोशिमाचे. अणुबाँबच्या किरणोत्साराला लहानपणी सापडलेले. १९७५ मध्ये ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. पुढचं काम त्सुनेकोंनी नेलं.

यीस्टमध्ये हा एकेक तुकडा साधारण १६५ अक्षरांचा असतो. वाढीव मापात ५६ सेंटिमीटर. सोलापूरच्या रस्त्यावर हे एक पाऊल झालं, थकल्या पायांचं.

१६५च का? डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. आपल्या मापात दोरासकट गोळा अकरा सेंटिमीटरचा, म्हणजे सोललेल्या नारळाएवढा, आणि त्यात दोराचे पावणेदोनला थोडे कमी वेढे. मग जरासा मोकळा दोर, मग पुढचा नारळ. यीस्टमध्ये एका नारळापासून पुढच्या नारळापर्यंत अंतर तेच, १६५च्या आसपास अक्षरं. डंकन स्मिथ आणि इयान व्हाइटहाउस यांनी २०१२ मध्ये दाखवलं की हे निव्वळ योगायोगाने जुळत नाही. नक्कल होत असतानाच मागे नवे नारळ बसवले जातात, आणि मागे लिहीत येणारं पॉलिमरेज त्या नारळावर येऊन थबकतं. तुकड्याची लांबी नारळांनी ठरते.

आता आकडा पुरा करू. १ कोटी २० लाख भागिले १६५, म्हणजे सुमारे ७२ हजार तुकडे. प्रत्येक तुकड्याला नवं कडं चढवायचं. एका पेशीच्या एका विभाजनात ७२ हजार वेळा कडं उघडलं, ओवलं आणि मिटलं जातं. अर्ध्या तासात, म्हणजे सेकंदाला चाळीस. बरोबरच्या सलग पदराची गोष्ट जराशी निराळी आहे. तिथे पॉलिमरेज एप्सिलॉन लिहितं, ते दोर उलगडणाऱ्या यंत्रालाच जोडलेलं असतं आणि त्याला कड्याची गरज डेल्टाइतकी लागत नाही. टीप घालणाऱ्या बाजूला मात्र दर पावलाला एक कडं.

आणि लिहून झालं म्हणजे झालं असंही नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या कच्च्या अक्षरांनी केलेली असते, शिवणकामातल्या कच्च्या टाक्यासारखी. पक्की शिलाई झाल्यावर तो दोरा उसवायचा असतो. पॉलिमरेज डेल्टा मागच्या तुकड्यापर्यंत पोचलं की त्याची कच्ची सुरुवात थोडी थोडी उचलून काढतं. उचललेलं शेपूट फेन-१ नावाचं कात्रीप्रथिन कापतं. मग लायगेज येऊन दोन तुकड्यांमधली शेवटची चीर सांधतं. यीस्टमध्ये या लायगेजचं नाव सीडीसी-९ आहे. पेशीच्या विभाजनात बिघाड झालेले यीस्ट लीलंड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास गोळा केले आणि त्यांना क्रमाने आकडे दिले, त्यातला हा नववा. त्याच कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

गंमत अशी की हे तिघेही, लिहिणारा, कापणारा आणि सांधणारा, त्याच कड्याला येऊन टेकतात. कड्याच्या प्रत्येक चकतीवर बाहेरच्या अंगाला एक खळगा आहे. या प्रथिनांच्या अंगावर आठेक अमिनो आम्लांची एक छोटी लकेर असते, ती त्या खळग्यात बसते. तीन चकत्या म्हणून खळगेही तीन. तिघं कारागीर एकाच वेळी तीन खळग्यांत बसून आळीपाळीने काम करतात, की एकजण उठला की दुसरा येऊन बसतो, यावर अभ्यासकांचं बरीच वर्षं चाललंय. मला आपलं दुसरं चित्र जास्त खरं वाटतं. गावाकडच्या सुताराच्या कट्ट्यावर एवढे जण एकदम बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

कड्याचं आणखी एक काम आहे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यातले अतिनील किरण डीएनएतली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. द्राक्षाच्या सालीवर, फुलांत, झाडांच्या रसावर राहणाऱ्या यीस्टच्या नाना जातींना हे नेहमीचंच. चिकटलेल्या अक्षरांपाशी पॉलिमरेज डेल्टा अडतं. ते इतकं काटेकोर आहे की बिघडलेलं अक्षर त्याला वाचताच येत नाही. अशा वेळी कड्याच्या १६४व्या अमिनो आम्लावर युबिक्विटिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन लावलं जातं. अडलेल्या रस्त्यावर लाल फडकं लावावं तसं. ते पाहून पॉलिमरेज ईटा येतं. हा गडी ढिला आहे, एरवी त्याच्या हातात दोर द्यायला कुणी धजणार नाही, पण चिकटलेल्या अक्षरांवरून नेमकं पुढे जाणं त्यालाच जमतं. माणसात हा नसला तर उन्हाने त्वचेचे कर्करोग होतात. त्याच १६४व्या जागेवर युबिक्विटिनऐवजी सुमो नावाचं दुसरं प्रथिन लागलं तर निरोप वेगळा जातो आणि वेगळेच लोक येतात. २००२ मध्ये जर्मनीत स्टेफान येंच यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमध्येच हे उलगडलं. एका कड्यावरची एक जागा आणि तिच्यावर बांधायच्या दोन रंगांच्या चिंध्या.

पण माणसाच्या आजाराचं यीस्टमध्ये का शोधतात? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे यीस्टच्या कितीतरी जाती जपून ठेवल्यात. पाव, मद्य, उसाच्या मळीपासूनचं इथेनॉल, यीस्टचे हे उपयोग आपल्या साखरपट्ट्यात कुणाला सांगायला नकोत. शिवाय बेकरीतलं यीस्ट वाढवतात तेही बहुतेक मळीवरच. पण प्रयोगशाळेत त्याची किंमत वेगळी आहे. त्याच्या पेशीला आपल्यासारखं केंद्रक आहे, आपल्यासारखे हिस्टोनचे नारळ आहेत, आणि १९९६ मध्ये केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा डीएनए सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला ते हेच. माणसाच्या पीसीएनएत २६१ अमिनो आम्लं, यीस्टच्यात २५८. त्यांच्यातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी सारखी आहेत. तरी दोन्ही कडी एकमेकांवर ठेवली तर कडेला कड लागते. पाव खाणारा आणि पाव फुगवणारा, दोघांच्या दोरात एकाच घडणीचं कडं. आपला दोर मात्र त्याच मापाने २० हजार किलोमीटरचा आहे. तो हिशेब मी करून पाहिला आणि वही मिटली.

एक प्रश्न उरतो, काम झाल्यावर कड्याचं काय होतं? दर पावलाला एक टाकत गेलं तर रस्ताभर कडी पडून राहतील. पेशीने त्यासाठीही कासार ठेवलाय, चढवणारा वेगळा आणि उतरवणारा वेगळा. उतरवणाऱ्याचं नाव एल्ग-१. तो दिसायला आरएफसीचाच सख्खा भाऊ. पाचातली चार प्रथिनं दोघांत तीच, फक्त एक बदललेलं. तो कडं उघडून काढून घेतो, पण केव्हा? लायगेजने शेवटची चीर सांधल्यावरच. त्याआधी तो हात लावत नाही. यीस्टमध्ये एल्ग-१ काढून टाकलं तर कडी दोरावर तशीच राहतात आणि गुणसूत्रं मोडायचं-जुळायचं प्रमाण वाढतं. काम झाल्यावर न उठणारा पाहुणा कुणाला झेपतो? उतरवलेलं कडं फेकून दिलं जात नाही, ते दुसऱ्या पावलावर जातं.

गेल्या कोजागिरीला मी सोलापूरहून चालत निघालो तेव्हा डोक्यात हाच हिशेब होता. तुळजापूर वेशीपासून पावलं मोजायला लागलो. प्रत्येक पावलाला मनात म्हणायचं, उघडलं, ओवलं, मिटलं. बरोबरच्या मावशींना वाटलं मी जप करतोय, त्यांनी मला उगाच टोकलं नाही. अर्ध्या तासाने घड्याळ पाहिलं तेव्हा तीन हजार पावलं झाली होती. तेवढ्या वेळात एका यीस्टच्या पेशीने ७२ हजार कडी ओवून, काढून, रस्ता तुळजापूरच्या तोंडापर्यंत नेला असता. मी अजून सोलापूरच्या हद्दीतच होतो, आणि एका मंडळाने वाटेवर लावलेल्या टेबलावरून कुणीतरी मला चहा देत होतं.